साइडपट्टी कुणाच्या पैशाची?

शिर्डीला यायला आता वाटा कमी नाहीत. काकडीचं विमानतळ २०१७ पासून सुरू आहे. साईनगर शिर्डी स्टेशनात रेल्वे येते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता पूर्ण झाला. समृद्धीवर कार सुसाट पळते. पण तिथे पायी चालायला मनाई आहे. बाईकला नाही, रिक्षाला नाही, ट्रॅक्टरला नाही, आणि पायाला तर नाहीच नाही.

तरीही शिर्डीला पायी येणारे कमी झालेले नाहीत. रामनवमीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईहून निघालेल्या पालख्या कसारा घाट चढतात, घोटीवरून सिन्नरला येतात आणि वावी, पाथरे करत शिर्डीच्या दिशेने सरकतात. एकसारखे टी-शर्ट, पालखीचा रथ, सामानाचा टेम्पो, आणि हातात लाल झेंडी घेऊन ट्रकला थोपवणारी दोन-चार पोरं. उन्हामुळे बरंचसं चालणं पहाटे आणि संध्याकाळनंतर, म्हणजे नेमकं अंधारात. गुरुपौर्णिमेला आणि दसऱ्याला असेच लोक येतात. ही सगळी माणसं जिथून चालतात त्या जागेला आपल्याकडे साइडपट्टी म्हणतात.

साइडपट्टी म्हणजे डांबर संपल्यानंतरची मुरमाची कड. ती भरलेली असेल तर माणूस त्यावरून चालतो. पावसाने वाहून गेली असेल, डांबराच्या कडेला वीतभर खड्डा पडला असेल किंवा वेडी बाभूळ आत घुसली असेल, तर माणूस डांबरावर येतो. आणि डांबरावर मागून कंटेनर येत असतो.

मी याच पट्ट्यातल्या गावात वाढलो. पदयात्री आमच्यासाठी नवलाचे नाहीत. नवल वाटतं ते एका वादाचं, जो दरवर्षी चहाच्या टपरीवर आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्याने पेटतो. हे लोक आपल्या हौसेने, आपल्या श्रद्धेने चालतात. मग त्यांच्यासाठी वेगळी वाट बांधायची, मुरूम टाकायचा, बाभळी तोडायच्या, दिवे लावायचे, तर ते सगळ्यांच्या टॅक्समधून का? वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी, थोड्या लोकांसाठी?

हा प्रश्न कुत्सितपणे विचारला जातो तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करता येतं. पण एखादा शेतकरी तो विचारतो, ज्याच्या वस्तीवर जायला पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो, तेव्हा दुर्लक्ष करता येत नाही. सार्वजनिक पैसा मोजका असतो. एका वाटेवर टाकलेला मुरूम दुसऱ्या वाटेवर पडत नाही. त्यामुळे उत्तर नीट शोधायला हवं.

ज्याची वाट, त्याचा खर्च?

सगळ्यात सरळ वाटणारं उत्तर असं की, जो वापरेल त्याने भरावं. फास्टॅगच्या जमान्यात हे पटतंही.

जगात एका ठिकाणी हे तत्त्व फार चोख राबवलंय, आणि तेही हौसेच्याच रस्त्यांसाठी. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात लोक स्नोमोबाइल चालवतात. बर्फावर पळणारी स्कूटर म्हणा. पुढे चाकांऐवजी पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा पट्टा. तिच्यासाठी रानातून खास वाटा असतात. गाड्या फिरल्या की बर्फ उखडतो, उंचवटे तयार होतात, म्हणून त्या वाटा यंत्राने पुन्हापुन्हा सपाट कराव्या लागतात. वाट एकदा केली आणि झालं, असं तिथे नसतंच. विस्कॉन्सिन राज्यात याचा पैसा गाड्यांच्या नोंदणीतून, बाहेरून येणाऱ्यांच्या परवान्यातून आणि पेट्रोलवरच्या करातून येतो. पेट्रोलचा हिशोब तर मजेदार आहे. प्रत्येक नोंदणीकृत स्नोमोबाइल वर्षाला ५० गॅलन पेट्रोल जाळते असं धरायचं, त्यावरचा कर मोजायचा आणि त्या हिशोबाने रक्कम या वाटांच्या खात्यात टाकायची. प्रत्यक्ष काम बरंचसं स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात. वाटा बहुतांशी खासगी शेतांतून, मालकांच्या परवानगीने जातात.

ऐकायला न्याय्य वाटतं. ज्यांची हौस त्यांच्याच खिशातून वाट. पण हे जमतं का, ते पाहा. तिथे मोजायला एक यंत्र आहे. त्या यंत्राला नंबर आहे, टाकी आहे, टाकीत कर भरलेलं पेट्रोल आहे.

सिन्नरहून शिर्डीकडे चालणाऱ्या बाईकडे यातलं काही नाही. तिला नंबर प्लेट नाही, ती पेट्रोल जाळत नाही, तिच्या कपाळावर फास्टॅग चिकटवता येत नाही. म्हणजे ‘जो वापरेल तो भरेल’ हे तत्त्व तिच्यापर्यंत येताना गुपचूप बदलतं आणि ‘ज्याच्याकडून वसूल करता येतं, त्याच्यासाठीच रस्ता’ असं होतं. समृद्धीवर हेच तत्त्व आपल्या टोकाला पोचलेलं दिसतं. तो रस्ता वेगाने जाणाऱ्या, टोल भरणाऱ्या गाडीसाठी आहे, आणि त्यात काही गैर नाही. पण बाकीचे रस्तेही जेव्हा मनातल्या मनात समृद्धी व्हायला लागतात, तेव्हा पायी माणूस हिशोबातून गळतो. त्याने पैसे बुडवले म्हणून नाही. त्याला बिल पाठवायची सोय नाही म्हणून.

मग देवाने द्यावेत?

दुसरं उत्तर शिर्डीत लगेच तयार असतं. संस्थानाकडे एवढा पैसा आहे, त्यांनीच वाट बांधावी.

हे उत्तर हवेतलं नाही. साईबाबा संस्थान राज्याच्या २००४ च्या कायद्याखाली चालतं आणि त्याच्या दानपेटीतला पैसा मंदिराबाहेरच्या कामांना लागल्याची उदाहरणं आहेत. संस्थान दवाखाने चालवतं, पदयात्रींसाठी वाटेवर मंडप उभारतं. २०१८ साली तर निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानाने राज्य सरकारला ५०० कोटींचं बिनव्याजी कर्ज द्यायचं ठरलं. त्यावर वाद खूप झाले. १९७० पासून कागदावर असलेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण शेवटी २६ ऑक्टोबर २०२३ ला झालं. अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगावच्या जिरायती शिवारांनी या पाण्याची वाट पाहण्यात पिढ्या घालवल्या. भक्तांचं दान अशा शेतासाठी मागितलं गेलं, जिथला शेतकरी बाबांना मानतो की नाही हे कुणी विचारलेलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं.

या जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलंय, त्या अहिल्याबाई होळकरांचा दाखलाही इथे दिला जातो. त्यांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशोब होते. दौलत म्हणजे राज्याचा महसूल, खासगी म्हणजे घराण्याच्या बायकांच्या हक्काचं उत्पन्न. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेले घाट, विहिरी, मंदिरं, धर्मशाळा यांचा खर्च खासगीतून झाला. धर्माचं काम राज्याच्या तिजोरीवर टाकायचं नाही, ही शिस्त अडीचशे वर्षांपूर्वीची आहे. आजच्या वादात ती शिस्त आठवणं चांगलंच.

तरीही ‘देवाने द्यावेत’ या उत्तरात एक मोठी खोट आहे. शिर्डीचा देव श्रीमंत आहे. ज्या गावाचा देव गरीब आहे, त्या गावाच्या वाटेचं काय? आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाऊलीची यात्रा भरते आणि तिथेही लोक चालत येतात. आपल्या आसपास कितीतरी लहान यात्रा आहेत, जिथली दानपेटी वर्षाला एक मांडवसुद्धा पुरवत नाही. वाटेची सुरक्षितता देवाच्या उत्पन्नावर अवलंबून ठेवली, तर श्रीमंत देवाचा भक्त जगेल आणि गरीब देवाचा भक्त ट्रकखाली जाईल. शिवाय संस्थानाने रस्ता केला की तो रस्ता हळूहळू संस्थानाचा होतो. त्यावरून शाळेत जाणाऱ्या पोरीला तो आपला म्हणून मागता येत नाही. दान आनंदाने घ्यावं. पण हक्काच्या जागी दान बसवू नये.

धर्माला पैसा आणि पायाला पैसा

इथे संविधानाचा मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. अनुच्छेद २७ सांगतो की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखलेला कर भरायची सक्ती कुणावर करता येणार नाही. हज अनुदानाच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कराच्या उत्पन्नातला लहानसा हिस्सा अशा सोयीवर गेला तर या अनुच्छेदाचा भंग होत नाही. पण पुढच्याच वर्षी न्यायालयाने ते अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं, आणि २०१८ मध्ये सरकारने ते थांबवलंच.

मला वाटतं, इथे दोन खर्च वेगळे करता येतात. एक, श्रद्धेच्या कृतीला दिलेला पैसा. दोन, ती कृती करणाऱ्या शरीराला दिलेलं संरक्षण. २०२४ साली राज्य सरकारने आषाढी वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर केले. काही वारकऱ्यांनीच ते नको म्हटलं. त्यांचं म्हणणं मला पटतं. दिंडी ही लोकांनी आपल्या ऐपतीने चालवायची गोष्ट आहे. तिला सरकारी पाकीट दिलं की ती थोडी सरकारची होते. पण त्याच दिंडीच्या वाटेवर पाण्याचा टँकर, फिरतं शौचालय, रुग्णवाहिका असणं ही वेगळी गोष्ट आहे. तहान, लघवी, चक्कर आणि अपघात यांना धर्म नसतो. आणि वाटेवर शौचालय नसण्याची किंमत बायका जास्त मोजतात, त्या पाणीच कमी पितात.

फरक ओळखायला मी एक साधी कसोटी लावतो. तीच सोय हरेगावच्या वाटेवर, एखाद्या उरुसाच्या वाटेवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्यांसाठी, तितक्याच मनाने देऊ का? आणि यात्रा संपल्यावर ती सोय कुणा नास्तिकाच्या उपयोगाची उरते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर तो पक्षपात आहे. दुसऱ्याचं ‘नाही’ आलं तर तो धर्माला दिलेला पैसा आहे. भरलेली, सपाट, उजेड असलेली साइडपट्टी या दोन्ही प्रश्नांतून पार होते. वर्षातल्या उरलेल्या दिवसांत तिच्यावरून शाळेची पोरं चालतात, कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीची माणसं चालतात, डेअरीला दूध घालायला निघालेले म्हातारे चालतात. पदयात्री हंगामी आहेत. पाय बारमाही आहेत.

धोका कुणी आणला?

पण एवढ्यानेही मूळ प्रश्न सुटत नाही. पायांची काळजी घ्यावी हे ठीक, पण ती घेणं हा उपकार आहे की देणं आहे?

डिसेंबर २०२३ मध्ये शिर्डी परिसरातून आळंदीला निघालेल्या दिंडीत पुणे-नाशिक महामार्गावर, संगमनेर तालुक्यात घारगावजवळ, एक कंटेनर घुसला. चार वारकरी गेले. अशा बातमीनंतर दोन दिवस हळहळ होते आणि मग कुणीतरी म्हणतंच, हायवेवर चालायचंच कशाला? रेल्वे आहे, बस आहे.

या वाक्यात क्रम उलटा झालाय. माणसं या वाटांनी चालत होती तेव्हा कंटेनर नव्हता. पंढरीची आणि आळंदीची वाट डांबराच्या आधीची आहे. चालणं तेव्हाही कष्टाचं होतं, उन्हाचं होतं, पण मागून येणाऱ्या वेगाने मरण्याचं नव्हतं. मग आपण त्याच वाटेवर डांबर टाकलं, ती रुंद केली, वळणं काढली, कडेचे वड आणि चिंचा तोडल्या. एसी गाडीला सावली लागत नाही, चालणाऱ्याला लागते. गाडीतल्याचा तास वाचला आणि चालणाऱ्याची कड गेली. म्हणजे ज्या गोष्टीने एकाचा फायदा झाला, तिनेच दुसऱ्याचा धोका वाढवला.

असं असेल तर ‘जो वापरेल तो भरेल’ हे तत्त्व फेकून द्यायची गरज नाही. ते फक्त नीट वाचायला हवं. रस्त्यावर वापरली जाणारी सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे वेग. वेग जो वापरतो त्याने वेगाची पूर्ण किंमत भरावी, आणि चालणाऱ्याची सुरक्षित कड हा त्या किमतीचाच भाग आहे. आपल्या बांधावरून पाणी वळवून शेजाऱ्याचं शेत चिबडवलं, तर चर आपल्या खर्चाने काढायचा असतो. शेजारी त्या शेतात काय पेरतो, देवाची फुलं की घास, हे विचारायचा आपल्याला हक्क नसतो.

म्हणून पायवाटेचा खर्च धार्मिक पर्यटनाच्या खात्यात टाकण्याला माझा विरोध आहे. तो रस्त्याच्या खात्यातच हवा, टोल आणि इंधनावरच्या करातून येणाऱ्या पैशातच हवा. रस्ता चौपदरी होतो तेव्हा दुभाजक, मोरी आणि पूल जसे अंदाजपत्रकात आपोआप येतात, तशी कड यायला हवी. पंढरपूरच्या दोन पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली. दिवे घाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर, अंदाजे खर्च ६,६९० कोटींहून जास्त. पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३० किलोमीटर, खर्च सुमारे ४,४०० कोटी. दोन्हीकडे पालखीसाठी स्वतंत्र पायवाट. ही चांगलीच गोष्ट आहे. पण नाव पालखीचं असलं तरी रस्ता मुख्यतः गाड्यांचा आहे, हे विसरू नये. पालखीवर एवढे हजार कोटी खर्च झाले असं कुणी म्हणालं, तर ते खरं नाही.

आणि चिखलातून वस्तीवर जाणारा तो शेतकरी? त्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे. त्याला मी असं सांगेन की तुझी पाणंद आणि पदयात्रीची साइडपट्टी यांच्यात भांडण लावणारा तिसराच आहे. २०२१ साली राज्याने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, तेव्हा एका पाणंदीवरून किती लोक जातात आणि त्यातले किती टॅक्स भरतात, असं कुणी विचारलं नाही. पाच घरं असली तरी त्या पाच घरांना कोरडी वाट हवी, हे आपण मान्य केलं. हाच विचार हायवेच्या कडेला लावायचा आहे. पण एक कबूल करायला हवं. दोन्हीपैकी एकच होणार असेल, तर जिथे मरण जवळ आहे तिथे आधी मुरूम पडावा. कधी ती जागा हायवेची कड असेल, कधी शाळेपुढचा चौक असेल. यात्रा कधी आहे, यावर तो क्रम ठरू नये.

झाडू कुणाच्या हातात?

शेवटचा मुद्दा पैशापेक्षा सवयीचा आहे. बांधण्याला कोनशिला असते, रीळ असतं, नारळ असतो. देखभालीला यातलं काही नसतं. नव्या रस्त्याला ठरावीक वर्षांचा दोषदायित्व कालावधी असतो, त्यात ठेकेदाराने दुरुस्ती करायची असते. पण खड्ड्याची तक्रार करणारे दहा असतात आणि वाहून गेलेल्या साइडपट्टीची तक्रार करणारा एकही नसतो. कारण तक्रार करणारे बहुधा गाडीत असतात.

शिर्डीला देखभालीची एक जुनी गोष्ट ठाऊक आहे. दाभोलकरांच्या साईसच्चरितात, ३५ व्या अध्यायात ती येते. साईबाबा रोज ज्या वाटांनी लेंडीकडे जात-येत, त्या वाटा आणि गावातले रस्ते नेवाशाचे बाळाजी पाटील झाडायचे. त्यांच्यानंतर ते काम राधाकृष्णमाईंनी केलं. त्यांच्यानंतर अब्दुल्लाने. एक पाटील, एक बाई, एक मुसलमान. तिघांनी मिळून काही बांधलं नाही. वाट रोज मळायची, ती रोज झाडली. एकाच्या हातून झाडू सुटला तर दुसऱ्याने उचलला.

ती सेवा होती, आणि सेवेचं मोल मी कमी करत नाही. पण त्या वाटेवर कंटेनर नव्हते, आणि गल्ली झाडायला एक माणूस पुरत होता. आज सिन्नर ते शिर्डी साइडपट्टी भरायला रोलर लागतो, मुरूम लागतो, दर पावसाळ्यानंतर पुन्हा लागतो. तो झाडू आता एकट्या भक्ताच्या हातात मावत नाही, म्हणून तो आपण टॅक्स भरून सरकारच्या हातात दिलाय.

पुढच्या ग्रामसभेत कुणी कोटींचा आकडा सांगितला, तर एवढंच विचारा: यात चालणाऱ्याची कड किती मीटर आहे, आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्यावर मुरूम कोण टाकणार आहे?